खालची पापणी

८ ऑक्टोबर २०२४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले की, खुपरी हा रोग भारतात आता सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न उरलेला नाही. नेपाळ आणि म्यानमार यांच्यानंतर आग्नेय आशिया विभागात हा टप्पा गाठणारा भारत हा तिसरा देश ठरला. बातमी वाचणाऱ्या पुष्कळांनी ती संसर्गाची बातमी म्हणून वाचली असेल, आणि ती तशी आहेही. परंतु खुपरीने दृष्टी गेलेल्या माणसाची दृष्टी जंतू थेट नेत नाही. ती त्याची स्वतःची पापणी नेते. वारंवारच्या संसर्गाने वरच्या पापणीच्या अस्तरावर व्रण पडतात, व्रण भरताना आकसतात, पापणीची कड आत वळते आणि तिचे केस प्रत्येक उघडझापेसरशी बुबुळावर घासत राहतात. माणूस दिवसातून हजारो वेळा पापण्या मिटतो. ज्या हालचालीने डोळा ओला राहायचा, तीच हालचाल त्याला ओरबाडू लागते.

हे दुखणे जुने आहे आणि त्यावरची शस्त्रक्रियाही जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात पापण्यांचे २१ रोग मोजले आहेत. त्यांतील पक्ष्मकोपावर सांगितलेला उपाय असा: भुवई आणि पापणीची कड यांच्यामधील त्वचेचा यवाच्या दाण्याच्या आकाराचा तुकडा कापून काढावा आणि जखम केसाने शिवावी. त्वचा तोकडी झाली की कड बाहेरच्या बाजूला ओढली जाते. आजच्या शस्त्रवैद्याला हे तंत्र अपुरे वाटेल, पण त्यामागचा विचार परका वाटणार नाही. पापणीची शस्त्रक्रिया ही मुळात ताणाची शस्त्रक्रिया आहे: कोणत्या थरात ताण अधिक झाला, कोणत्या थरात तो उरला नाही, हे ओळखायचे आणि हिशेब पुन्हा जुळवायचा. त्याच २१ रोगांच्या यादीत ‘वातहत वर्त्म’ असेही एक नाव आहे. निश्चेष्ट झालेली, मिटू न शकणारी पापणी. पुढील मजकूर मुख्यतः तिच्याविषयी आहे, आणि त्यातही खालच्या पापणीविषयी.

वरच्या पापणीला सगळा मान मिळतो. काजळरेषा तिची, झुकणे तिचे, नजरेतील भाव तिचे. खालची पापणी जेमतेम हलते. खाली पाहताना ती काही मिलिमीटर खाली सरकते, म्हणून तर ताटाकडे किंवा जिन्याच्या पायरीकडे पाहताना ती आड येत नाही. एरवी ती एका जागी उभी असते, बुबुळाच्या खालच्या कडेला स्पर्श करून. ती तिथे आहे हे माणसाला ती तिथून ढळल्यावरच कळते.

तिची रचना मात्र विलक्षण आहे. बाहेर त्वचा, शरीरातील सर्वांत पातळ त्वचांपैकी एक, आणि तिच्यालगत डोळ्याभोवती कड्यासारखा फिरणारा, डोळा मिटणारा स्नायू. मध्ये एक पातळ पडदा, जो खोबणीतील चरबी आत धरून ठेवतो. आत तंतुमय ऊतीची घट्ट पट्टी आणि तिला चिकटलेले ओलसर अस्तर. वरच्या पापणीतील ही पट्टी सुमारे १० मिलिमीटर उंच असते, खालच्या पापणीतील अवघी चार. ही चार मिलिमीटरची पट्टी दोन बंधांनी टांगलेली असते: एक नाकाच्या बाजूला, दुसरा बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या खोबणीच्या हाडाच्या कडेच्या किंचित आत. बाळाची झोळी दोन दोरांवर लोंबते तशी. दोर सैल पडले तर झोळी खाली येते. झोळीचे कापड आकसले तरीही ती खाली येते. आणि झोळीला वरून आधार देणारा स्नायू निर्जीव झाला तरीही ती खालीच येते. आरशात तिन्ही सारखेच दिसते, पण तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत, आणि चुकीच्या कारणावर केलेला योग्य उपाय अपाय ठरतो.

गुरुत्वाकर्षणाचाही येथे पक्षपात आहे. वरची पापणी मिटताना ते तिला मदत करते. खालची पापणी जन्मभर त्याच्याविरुद्ध उभी असते.

हैदराबादेत भूशास्त्रात संशोधन करणाऱ्या २७ वर्षांच्या एका विद्यार्थिनीला हे सर्व शिकावे लागले. तिच्या डाव्या कानाला ऐकू कमी येऊ लागले म्हणून तपासण्या झाल्या आणि तोल सांभाळणाऱ्या मज्जातंतूवर गाठ सापडली. गाठ कर्करोगाची नव्हती, पण जागा अडचणीची होती. कवटीतून बाहेर पडताना तोल आणि श्रवण यांचा मज्जातंतू आणि चेहऱ्याचा मज्जातंतू खांद्याला खांदा लावून चालतात. शस्त्रवैद्यांनी गाठ काढली आणि चेहऱ्याचा मज्जातंतू वाचवला. तो तुटला नाही, पण ताणला गेला. शुद्धीवर आल्यावर तिला स्वतःच्या चेहऱ्याची डावी बाजू हलवता येईना. तिच्या आईला प्रथम जे दिसले, ते वाकडे ओठ नव्हते. “हिचा डावा डोळा मोठा झालाय,” असे आई म्हणाली.

डोळा मोठा झाला नव्हता. नेत्रतज्ज्ञाने दोन्ही डोळ्यांचा पुढे येण्याचा अंतराचा फरक मोजला, तेव्हा दोन्ही आकडे सारखे निघाले. मग त्याने छोट्या बॅटरीचा उजेड तिच्या डोळ्यांवर धरला. बुबुळावर उमटलेल्या प्रकाशबिंदूपासून खालच्या पापणीच्या कडेपर्यंतचे अंतर बहुतेक माणसांत सुमारे पाच मिलिमीटर असते. तिच्या उजव्या डोळ्याला ते पाच भरले, डाव्याला आठ. बुबुळाखाली पांढऱ्या भागाची एक चंद्रकोर उघडी पडली होती, आणि पाहणाऱ्याच्या मेंदूने त्या तीन मिलिमीटरांचा अर्थ ‘मोठा डोळा’ असा लावला होता.

असमान डोळ्यांबद्दल बोलताना ही गोष्ट फार थोडे लोक लक्षात घेतात. दोन डोळे वेगळे दिसण्याचे कारण डोळ्यांत, पापण्यांत, भुवयांत किंवा हाडांत, कुठेही असू शकते. थायरॉईडच्या एका विकारात डोळा खरोखरच पुढे येतो आणि पापण्या मागे खेचल्या जातात. दुचाकीच्या अपघातात खोबणीच्या तळाचे पातळ हाड फुटते, खोबणीचे आकारमान वाढते आणि डोळा आत जातो. एक घनसेंटिमीटर जागा वाढली तर डोळा साधारण एक मिलिमीटर मागे जातो, आणि दोन मिलिमीटरांचा फरक समोरच्याला जाणवू लागतो. अशा माणसाची पापणी शिवून काय उपयोग? त्याला हाडाची दुरुस्ती लागते. वरच्या पापण्यांचे गणित तर आणखी मजेदार आहे. दोन्हींना मेंदूकडून मिळणारी आज्ञा समान असते. एक पापणी लोंबत असेल तर मेंदू जोर वाढवतो आणि निरोगी बाजूची पापणी गरजेपेक्षा वर उचलली जाते. लोंबणारी दुरुस्त केली की दुसरी आपोआप खाली येते, आणि रुग्णाला वाटते, नवाच रोग झाला. तपासणीच्या खोलीत तज्ज्ञ मंडळी एक पापणी बोटाने उचलून दुसरीकडे पाहत बसतात ते यासाठी.

त्या विद्यार्थिनीची पहिली मागणी सरळ होती: चेहरा पूर्वीसारखा करा. तज्ज्ञाने मान्य केले, पण क्रम बदलला. त्याने तिच्या डोळ्यात एक नारिंगी रंगद्रव्य टाकले, दिवे मालवले आणि निळा प्रकाश सोडला. कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, जिथे खरचटलेला असतो तिथे हे द्रव्य हिरवे चमकते. तिच्या डाव्या कॉर्नियाच्या खालच्या तृतीयांशात बारीक हिरव्या ठिपक्यांची पट्टी उमटली. तज्ज्ञाने तिला त्याचे छायाचित्र दाखवले. खडकांच्या पातळ चकत्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यात जिची वर्षे गेली, तिला ते चित्र वाचायला मदत लागली नाही. तो भाग उघडा राहून सुकत होता. तसाच राहिला असता तर व्रण, व्रणात जंतू, आणि बुबुळावर कायमचा डाग, अशी वाट समोर होती.

दुसरीकडे त्याच डोळ्यातून पाणी सतत वाहत होते. सुकणारा डोळा वाहतो कसा, हा प्रश्न तिने विचारला, आणि प्रश्न रास्त होता. अश्रू डोळ्यावर पसरवण्याचे काम पापण्या करतात आणि वापरलेले अश्रू नाकाकडे ढकलण्याचेही. नाकाच्या बाजूला पापणीच्या कडेवर टाचणीच्या टोकाएवढे छिद्र असते. ते डोळ्याला टेकलेले असले तरच अश्रू त्यात शिरतात, आणि प्रत्येक उघडझापेबरोबर डोळा मिटणारा स्नायू पंपासारखा ते पुढे लोटतो. तिची पापणी बाहेर झुकली होती, छिद्र हवेत उघडे होते आणि पंप बंद होता. अश्रू येत होते, पण लागणाऱ्या जागी टिकत नव्हते आणि जायच्या जागी जात नव्हते. ती दिवसभर रुमालाने डोळा पुसायची, आणि पुसताना, जसे सगळेच करतात तसे, पापणी खाली ओढायची. तज्ज्ञाने तिची ती सवय आधी मोडली: पुसायचे तर बाहेरून आत आणि वरच्या दिशेने.

मज्जातंतू तुटलेला नसल्यामुळे थांबणे भाग होते. मज्जातंतू पुन्हा वाढतो तो दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने, आणि त्याला घाई करता येत नाही. दिवसा दर तासाला थेंब, रात्री मलम आणि पापणीवर चिकटपट्टी, असे तिचे १४ महिने गेले. वरच्या पापणीत थोडी हालचाल परत आली. ओठांच्या कोपऱ्यात किंचित जीव आला. खालची पापणी मात्र होती तिथेच राहिली.

या काळात तिच्यावर एक मोह पडला, त्याची नोंद येथे आवश्यक आहे. समाजमाध्यमांवर सध्या डोळ्यांच्या ‘कलण्या’चे वेड आहे. मुले-मुली स्वतःच्या छायाचित्रावर रेघा ओढतात आणि डोळ्याचा बाहेरचा कोपरा आतल्या कोपऱ्यापेक्षा किती वर आहे ते मोजतात. बहुतेक चेहऱ्यांत तो दोनेक मिलिमीटर वर असतोच. तो आणखी वर नेऊन देणारे, डोळ्यांखालच्या ‘पिशव्या’ काढून देणारे दवाखाने शहराशहरांत आहेत. अशाच एका ठिकाणी तिला दोन्ही डोळ्यांचा एकत्रित प्रस्ताव मिळाला: खालच्या पापणीतून थोडी त्वचा आणि चरबी काढू, कोपरे उचलू, दोन्ही बाजू एकसारख्या होतील. छायाचित्रे सुंदर होती. डोळा पूर्ण मिटतो का, हे तिथे कोणी तपासले नाही.

स्पष्टच सांगायला हवे. त्वचेच्या बाजूने केलेल्या सौंदर्यशस्त्रक्रियेनंतर खालची पापणी खाली खेचली जाणे ही त्या शस्त्रक्रियेची सुपरिचित गुंतागुंत आहे. धडधाकट स्नायू असलेल्या माणसालाही ती होते. जिचा स्नायू दुबळा आहे, तिच्या पापणीतून त्वचा काढणे म्हणजे आधीच खाली आलेल्या झोळीचे कापड कातरणे. आणि त्वचा एकदा कमी पडली की ती परत आणावी लागते दुसरीकडून, बहुधा कानामागून किंवा वरच्या पापणीतून, कारण इतकी पातळ त्वचा शरीरात अन्यत्र फारशी मिळत नाही. तिने त्या प्रस्तावाचा कागद आपल्या नेत्रतज्ज्ञाला दाखवला. त्याने तो वाचला, घडी घालून परत केला आणि पर्यायांची दुसरी यादी हाताने लिहून दिली.

त्या यादीतील पहिला पर्याय सर्वांत जुना आणि सर्वांत खात्रीचा होता: दोन्ही पापण्यांच्या कडा बाहेरच्या कोपऱ्याशी एकमेकींना शिवून टाकणे. फट लहान होते, कॉर्निया झाकला जातो. नजरेची बाजू थोडी अडते आणि डोळा कायमचा आखूड दिसतो. बेशुद्ध रुग्णाचा किंवा व्रण पडलेला डोळा वाचवताना हा उपाय आजही अमोल आहे. सत्तावीस वर्षांच्या, रोज सूक्ष्मदर्शक वापरणाऱ्या मुलीसाठी तो शेवटचा.

दुसरा, बाहेरचा बंध नव्याने बांधण्याचा. अँडरसन आणि गॉर्डी यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेली ही पद्धत आज खालच्या पापणीच्या शस्त्रक्रियांचा कणा झाली आहे. बाहेरचा कोपरा उघडायचा, बंधाचा खालचा पदर सोडवायचा, पापणीतील तंतुमय पट्टीच्या टोकावरून त्वचा, केस आणि अस्तर काढून एक स्वच्छ जीभ तयार करायची आणि ती हाडाच्या आवरणाला शिवायची. सगळी कला शेवटच्या टाक्यात असते. टाका हाडाच्या कडेच्या आतील बाजूस बसला तर पापणी डोळ्याच्या गोलाईला बिलगते. तोच टाका कडेच्या पुढच्या बाजूस पडला तर कोपऱ्यात पापणी आणि डोळा यांच्यात पोकळी राहते. छायाचित्रात ती दिसत नाही, पण वारा तिच्यातून आत जातो.

या पद्धतीचा एक सापळा आहे. डोळा पुढे आलेला असेल किंवा गालाचे हाड मागे असेल, तर पापणी ताणून घट्ट केल्यावर ती वर येण्याऐवजी आणखी खाली सरकते. पोट सुटलेल्या माणसाने धोतराची गाठ जितकी आवळावी तितकी ती पोटाखाली जाते, तसे. म्हणूनच ते पहिले मोजमाप, डोळा पुढे आहे की नाही हे, इतके महत्त्वाचे होते. तशा रुग्णांत पापणीच्या आतल्या थरात उंची वाढवणारा तुकडा बसवतात, टाळूच्या अस्तराचा किंवा कानाच्या कूर्चेचा, किंवा गालाचा भागच वर उचलून आधार देतात. तिला त्याची गरज नव्हती. पापणी बोटांच्या चिमटीत धरून पुढे ओढली तर ती डोळ्यापासून नऊ मिलिमीटर दूर येत होती आणि सोडल्यावर रेंगाळत परत जात होती; म्हणजे दोष सैल दोरांचा होता, तोकड्या कापडाचा नव्हता.

तिसरा पर्याय वरच्या पापणीसाठी होता: तिच्यात सोन्याचे छोटे वजन बसवणे. पापणी उचलणारा स्नायू वेगळ्या मज्जातंतूवर चालतो, तो शाबूत असतो. त्याने ढील दिली की वजनाने पापणी खाली येते. आधी निरनिराळी वजने पापणीवर बाहेरून चिकटवून पाहतात. डोळा मिटेल, पण उघडल्यावर झुकलेला दिसणार नाही, असे वजन निवडतात. तिला १.२ ग्रॅम ठरले. आईला सोन्याचे ऐकून बरे वाटले, असे ती नंतर हसून सांगत असे. सोने निवडण्याची कारणे मात्र दागिन्याची नाहीत. ते जड आहे, शरीरात गंजत नाही आणि चुंबकाला ओढले जात नाही. तिची गाठ पुन्हा वाढते का हे पाहायला पुढील अनेक वर्षे एमआरआय लागणार होता, त्यामुळे हा शेवटचा गुण निर्णायक होता. मर्यादाही गुरुत्वाकर्षणाचीच: माणूस आडवा झाला की वजनाची दिशा बदलते आणि झोपेत पापणी किंचित उघडू शकते. म्हणून रात्रीचे मलम सुटत नाही.

यादीत चौथा पर्याय होता आणि त्याच्यासमोर प्रश्नचिन्ह होते. त्या पर्यायाचा प्रत्यक्ष अर्थ तिला तज्ज्ञाकडून नव्हे, तर प्रतीक्षाकक्षातल्या बाकावर कळला. श्रीकाकुळम जिल्ह्यातून आलेले एक वृद्ध गृहस्थ तिच्याशेजारी बसले होते. कुष्ठरोगाने त्यांच्या हातांची बोटे आखडली होती. दर काही क्षणांनी ते दात घट्ट दाबत आणि प्रत्येक वेळी त्यांचे दोन्ही डोळे मिटत. तिने पाहिले हे त्यांनी पाहिले. “अम्मा, मी जेवतो तेव्हा माझे डोळेही जेवतात,” असे त्यांनी तेलुगू मिसळलेल्या हिंदीत सांगितले आणि दात दाबून दाखवले.

कुष्ठरोगाच्या जंतूला शरीराचे थंड भाग मानवतात. चेहऱ्याच्या मज्जातंतूची एक शाखा गालाच्या हाडावरून अगदी त्वचेखालून जाते. जंतू तिला तिथे गाठतो आणि डोळा मिटणे थांबते. त्याच रोगात कॉर्नियाची संवेदनाही जाऊ शकते. मिटत नाही असा डोळा वाईट. मिटत नाही आणि कचरा गेलेला कळतही नाही असा डोळा त्याहून पुष्कळ वाईट. यावर उपाय म्हणून कानशिलावरच्या, अन्न चावण्याच्या स्नायूचा एक पट्टा सोडवून घेतात, त्याला जोडलेल्या तंतुमय फिती दोन्ही पापण्यांतून नेतात आणि नाकाजवळच्या बंधाला बांधतात. चावण्याचा मज्जातंतू वेगळा असल्याने तो स्नायू जिवंत असतो. माणूस दात दाबतो, फिती ताणल्या जातात, डोळा मिटतो आणि सैल खालची पापणीही वर धरली जाते. ही मूळ कल्पना हॅरॉल्ड गिलीज यांची, चेहऱ्याच्या पक्षाघातासाठी. कुष्ठरोगातील तिचा उपयोग पुढे भारतासारख्या देशांत विकसित झाला. वेल्लोरला पॉल ब्रँड कुष्ठरुग्णांच्या हातांवर स्नायुबंध बदलण्याच्या शस्त्रक्रिया करीत होते, मार्गारेट ब्रँड यांनी त्यांच्या डोळ्यांचे काम उचलले, आणि मुंबईत नोशीर अंतिया यांनी कुष्ठरोगाने बदललेले चेहरे पुन्हा घडवण्याला प्रतिष्ठा मिळवून दिली. ज्या रुग्णांना लोक स्पर्श करीत नव्हते त्यांच्या पापण्यांवर हे तंत्र घासूनपुसून तयार झाले.

२००५ च्या अखेरीस भारताने कुष्ठरोगाचे प्रमाण दहा हजारांत एकाहून खाली आणले. दरवर्षी सुमारे एक लाख नवे रुग्ण अजूनही नोंदले जातात, आणि पूर्वीच्या रुग्णांच्या पापण्या आकडेवारी बदलल्याने मिटत नाहीत. ‘निर्मूलन’ या शब्दाची छाया बातमीपेक्षा लांब असते. खुपरीच्या बाबतीतही वळलेल्या पापण्यांच्या वृद्ध रुग्णांना शोधून शस्त्रक्रिया करणे हे काम घोषणेनंतर संपलेले नाही.

त्या गृहस्थांची शस्त्रक्रिया फार वर्षांपूर्वी झाली होती. सुरुवातीला त्यांना दर थोड्या वेळाने दात दाबण्याची आठवण ठेवावी लागे. पुढे ती सवय झाली. बोलण्याच्या ओघात ते विसरत, मग थांबत, दात दाबत आणि पुन्हा बोलू लागत. तिने त्यांना विचारले, दोन्ही डोळे सारखे दिसतात का याची काळजी त्यांना वाटली होती का. त्यांना प्रश्न कळायला वेळ लागला. मग ते म्हणाले की हो, वाटली होती. मुलीच्या लग्नात ते मंडपाच्या मागच्या बाजूला बसले होते. तिने बहुधा दुसऱ्या उत्तराची अपेक्षा केली होती. डोळे वाचवण्याची चिंता असलेल्या माणसाला रूपाची चिंता नसते, हा निरोगी लोकांचा समज आहे.

तज्ज्ञाने तिच्या बाबतीत चौथ्या पर्यायावर काट मारली. तिचा मज्जातंतू अंशतः परतला होता, वरची पापणी थोडी हलत होती, आणि कानशिलातून स्नायू फिरवल्याने तेथे उंचवटा आला असता. दुसरा आणि तिसरा पर्याय एकाच बैठकीत करायचे ठरले.

शस्त्रक्रियेआधी त्याने तिला एक गोष्ट दोनदा सांगितली. खालची पापणी पहिल्या दिवशी मुद्दाम थोडी अधिक वर आणि अधिक घट्ट बांधावी लागते, कारण ती पुढे सैलावते. म्हणजे पहिले काही आठवडे डोळे आताहूनही असमान दिसतील, फक्त उलट्या बाजूने. सहा आठवड्यांवर तिच्या बहिणीचे लग्न होते. शस्त्रक्रिया पुढे ढकलता येत होती. पण उन्हाळा येत होता, हवा कोरडी होत होती, आणि हिरव्या ठिपक्यांची पट्टी मागच्या तपासणीपेक्षा रुंद झाली होती. तिने तारीख बदलली नाही.

भूल फक्त त्या भागापुरती दिली होती. ती जागी होती, ओढल्याची जाणीव होत होती, वेदना नव्हती. शेवटच्या टाक्यापूर्वी तज्ज्ञाने तिला उठवून बसवले. आडव्या माणसाचा चेहरा खोटे बोलतो; गाल कानांकडे सरकतात, पापण्या आपोआप वर दिसतात. बसवून, समोर पाहायला लावून, त्याने दोन्ही बाजू ताडून पाहिल्या, टाका अर्धा मिलिमीटर वर घेतला आणि गाठ मारली.

लग्नाच्या छायाचित्रांत तिचा डावा डोळा बारीक आणि तिरपा दिसतो. ती मंडपात पुढे बसली होती.

सहाव्या महिन्यात मोजमाप पुन्हा झाले. आठाचे सहा झाले होते. उजवीकडे पाचच होते. एक मिलिमीटरची बाकी राहिली. स्नायूत जोर नसताना केवळ बांधणीने याहून अधिक मिळवणे कठीण असते, आणि मुळात उजवी-डावी बाजू तंतोतंत जुळणारा चेहरा निसर्गात आढळत नाही. शस्त्रक्रियेपूर्वीच्या तिच्या महाविद्यालयीन ओळखपत्रावरील छायाचित्र तज्ज्ञाने मागवून घेतले होते. त्यात तिची डावी भुवई उजवीपेक्षा वर होती. तिला ते कधीच ठाऊक नव्हते. आरशात माणूस स्वतःला उलटा पाहतो आणि त्या उलट्या चेहऱ्याचीच त्याला सवय असते.

निळ्या प्रकाशात कॉर्निया स्वच्छ होता. अगदी खाली पाच-सहा ठिपके उरले होते. नाकाजवळचे छिद्र मात्र पुरते टेकलेले नव्हते. वाऱ्यात डोळा अजून वाहत होता. आतल्या कोपऱ्यासाठी आणखी एक छोटी शस्त्रक्रिया करता येईल, तिथे चूक झाली तर अश्रूंची नळीच दुखावू शकते, असे तज्ज्ञाने सांगितले आणि निर्णय तिच्यावर सोडला. तिने तो हंगाम संपेपर्यंत लांबणीवर टाकला. जानेवारीत कडप्पा खोऱ्यातील चुनखडकांचे नमुने घ्यायचे राहिले होते. बाजूंनी बंद असलेला चष्मा लावून ती गेली. थेंबांची बाटली हातोडीशेजारच्या कप्प्यात होती, आणि पाकिटात एक चिठ्ठी, एमआरआय करणाऱ्या तंत्रज्ञासाठी: डाव्या वरच्या पापणीत सोने, १.२ ग्रॅम.